पाणबुडी आणि पटावरचा समतोल

चौकटींच्या वहीवर खेळला जाणारा नौकायुद्धाचा खेळ अनेकांनी लहानपणी खेळलेला असतो. दहा आडव्या व दहा उभ्या चौकटी आखायच्या, त्यांत आपल्या नौका लपवायच्या आणि प्रतिस्पर्ध्याने एकेका चौकटीचे नाव घेतले की 'लागला' किंवा 'चुकला' असे प्रामाणिकपणे सांगायचे, एवढाच त्याचा नियम. या खेळाच्या विकत मिळणाऱ्या संचात पाणबुडीही असते आणि ती तीन चौकटी व्यापते. परंतु ही पाणबुडी कधी पाण्याखाली जात नाही आणि पाण्यावर येतही नाही. तिचे नाव बदलून गलबत ठेवले, तरी खेळात तिळमात्र फरक पडणार नाही. याचे कारण थोडे गमतीचे आहे. या खेळात दोन्ही बाजूंच्या सर्वच नौका एकमेकींना अदृश्य असतात. जिथे प्रत्येक जण लपलेला आहे, तिथे लपणे हा कोणा एकाचा विशेष गुण राहत नाही.

ज्या खेळात दैवापेक्षा आखणीला अधिक महत्त्व असते, त्यास व्यूहखेळ म्हणता येईल. असा खेळ रचणाऱ्यापुढे समतोलाचा प्रश्न नेहमीच उभा असतो. समतोल म्हणजे सर्व सोंगट्यांचे बळ सारखे असणे नव्हे. बुद्धिबळात उंट आणि घोडा यांच्या चाली अगदी भिन्न आहेत, तरीही एकाच्या बदल्यात दुसरा द्यावा की नाही, याचा विचार खेळाडूला दर वेळी नव्याने करावा लागतो. असा विचार करावा लागणे हीच समतोलाची खूण होय. एखादी सोंगटी नेहमीच श्रेयस्कर ठरू लागली, तर खेळाडू तीच घेत राहतात आणि उरलेल्या सोंगट्या डब्यात पडून राहतात.

पाणबुडीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. उंटाचे बळ त्याच्या चालीत असते, ते पटावर मांडता येते. पाणबुडीचे बळ मात्र शत्रूच्या अज्ञानात असते. ती कोठे आहे हे शत्रूला ठाऊक नसते, तोपर्यंत तिच्याइतके भयंकर दुसरे काही नाही. ते एकदा कळले, की तिच्याइतके दुबळेही दुसरे काही नाही. मग पटावर सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवलेल्या सोंगटीला हे बळ द्यावे कसे?

लॅरी हॅरिस यांनी रचलेला आणि १९८१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला 'ॲक्सिस अँड अलाइज' हा दुसऱ्या महायुद्धावरील खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या आरंभीच्या रूपात पाणबुडी होती, परंतु तिचा माग काढणारी विनाशिका नव्हती. पाणबुडी आधी वार करी आणि तो लागला की समोरच्या नौकेला उलट वार करण्याची संधीच मिळत नसे. २००४ च्या सुधारित आवृत्तीत विनाशिका आली. पुढे २००८ च्या आवृत्तीत पाणबुडीची किंमत सहा, विनाशिकेची आठ आणि मोठ्या युद्धनौकेची वीस अशी ठरली. म्हणजे एका युद्धनौकेच्या किमतीत तीन पाणबुड्या घेऊन वर दोन नाणी शिल्लक राहतात. मात्र शत्रूच्या ताफ्यात विनाशिका असेल, तर पाणबुडीचा अचानक वार करण्याचा आणि बुडी मारून निसटण्याचा हक्क जातो. दगड, कागद आणि कात्री यांच्या खेळासारखीच ही रचना आहे : युद्धनौकेला पाणबुडी भारी, पाणबुडीला विनाशिका भारी आणि विनाशिकेला युद्धनौका भारी. रचना सुबक आहे, सोयीची आहे, घरगुती खेळाला पुरेशीही आहे. परंतु तीत एक मोठी सूट घेतलेली आहे. एक विनाशिका दहा पाणबुड्यांचे अदृश्यपण एकाच वेळी हिरावून घेते, आणि पाणबुडी कोठे आहे हे तर टेबलाभोवती बसलेल्या सर्वांनाच दिसत असते. न दिसण्याची जागा येथे किंमत आणि सवलती यांनी घेतली आहे.

अशी सूट न घेता हा खेळ रचण्याची वेळ एकदा खरोखरच आली होती, आणि त्या खेळात हार-जीत माणसांच्या प्राणांशी बांधलेली होती.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे अन्न, तेल आणि शस्त्रसामग्री अटलांटिक महासागरावरून येत असे. व्यापारी जहाजे अनेक समांतर रांगांचा ताफा करून सावकाश जात आणि त्यांच्या भोवती मोजक्याच लहान संरक्षक नौका फिरत. जर्मन पाणबुड्या या ताफ्यांवर टोळीने तुटून पडत. त्यांतील सातव्या प्रकारची पाणबुडी संख्येने सर्वाधिक होती. तिचा वेग पाण्यावर सुमारे १७ नॉट, म्हणजे तासाला १७ सागरी मैल असे. पाण्याखाली मात्र ती विजेरी संचावर चाले आणि तेथे तिचा अधिकात अधिक वेग साडेसात नॉटच्या आसपास असे. तोही फार वेळ टिकत नसे. ताशी चार सागरी मैल या संथ गतीने ती बुडालेल्या अवस्थेत सुमारे ८० सागरी मैल जाऊ शके. त्यानंतर विजेरी संच भरून घेण्यासाठी तिला वर येणे भागच होते. तिच्या पाठीवर असलेल्या ब्रिटिश 'फ्लॉवर' वर्गातील कॉर्व्हेट नौकेचा वेग होता १६ नॉट. म्हणजे पाण्यावर असताना शिकार शिकाऱ्याहून किंचित वेगवान, आणि पाण्याखाली गेली की सात नॉटने रेंगाळणाऱ्या मालवाहू ताफ्यालाही गाठणे तिला जड जाणार!

शोधाच्या साधनांतही असाच पेच होता. पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव घेणारे 'ॲस्डिक' नावाचे यंत्र संरक्षक नौकांवर असे. ते बुडालेली पाणबुडी शोधी, परंतु पाण्यावर तरंगणारी पाणबुडी त्याला बहुधा सापडत नसे. म्हणून जर्मन कप्तान रात्रीच्या अंधारात पाण्यावरूनच हल्ला करीत. शिवाय नौका पाणबुडीच्या अगदी जवळ पोहोचली की ॲस्डिकचा प्रतिध्वनी हरवे, कारण त्याची लहर पुढच्या दिशेने जाई, थेट खाली नव्हे. ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटकांची पिंपे, म्हणजे डेप्थ चार्ज, नौकेच्या मागील बाजूने टाकली जात. याचा अर्थ असा की वार करण्याचा क्षण आणि आंधळे होण्याचा क्षण जवळजवळ एकच होता. पाणबुडीची सारी दुर्बलता आणि नौकेची सारी अडचण या दोन परिच्छेदांत आली आहे. खेळ रचणाऱ्याला एवढे आकडे हाताशी असले, तर वेगळ्या सवलती शोधण्याची गरजच उरत नाही.

हे ओळखणारा मनुष्य होता गिल्बर्ट रॉबर्ट्स. क्षयरोगामुळे त्याला १९३८ मध्ये ब्रिटिश नौदलातून निवृत्त केले होते. नौदलाच्या डावपेचशाळेत पूर्वी त्याने काम केले होते आणि तेथे युद्धखेळांशी त्याचा परिचय झाला होता. जानेवारी १९४२ मध्ये त्याला लिव्हरपूलला पाठवण्यात आले. अटलांटिकमधील ताफ्यांचे रक्षण करणाऱ्या विभागाचे मुख्यालय तेथील डर्बी हाऊस या इमारतीत होते. तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्याला जागा मिळाली आणि मदतीला मिळाल्या त्या महिला नौदल सेवेतील तरुणी. या सेवेतील स्त्रियांना 'रेन' म्हणत. इंग्रजीत ते एका चिमुकल्या पक्ष्याचेही नाव आहे. त्यांतील बहुतेक जणी विशीच्या आसपासच्या होत्या आणि समुद्रावरील युद्ध त्यांनी कधी पाहिलेले नव्हते.

रॉबर्ट्सने जमिनीवरच पट आखला. तपकिरी लिनोलियमवर चौकटी रंगवून घेतल्या, त्यांवर लाकडी जहाजे मांडली. भोवती कापडी पडदे उभारले आणि त्यांना लहान झरोके ठेवले. संरक्षक नौकेचा अधिकारी म्हणून खेळणाऱ्याने पडद्याआड उभे राहायचे आणि झरोक्यातून दिसेल तेवढाच समुद्र पाहायचा. खऱ्या समुद्रावर रात्री नौकेच्या पुलावरून जेवढे दिसते, त्याहून अधिक त्याला दिसू नये अशी ती योजना होती. खेळाडूने आपली आज्ञा चिठ्ठीवर लिहून द्यायची. रेन ती घेऊन पटावर जाई, वेग आणि वळण यांचा हिशेब करून नौका हलवी व तिचा मार्ग खडूने आखी. एक डाव म्हणजे समुद्रावरील दोन मिनिटे, आणि विचार करायलाही दोनच मिनिटे. नौकांचे मार्ग पांढऱ्या खडूने दाखवले जात, पाणबुडीचे हिरव्या खडूने. हिरवा खडू अशासाठी की तपकिरी जमिनीवर तो पडद्याच्या झरोक्यातून तिरप्या नजरेला दिसत नसे. पाणबुडीचे अदृश्यपण कसे मांडावे या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर किती साधे आहे पाहा! पाणबुडी पटावर आहे, तिचा हिशेब काटेकोर चालू आहे, पट हलवणाऱ्यांना ती दिसते आहे. फक्त जो तिला शोधतो आहे, त्यालाच ती दिसत नाही.

त्या लाकडी व्यापारी जहाजांचा आपल्याकडील लोकांशीही संबंध आहे. महायुद्धाच्या आधी ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतीय खलाशांचा होता. कोकणकिनारा, गोवा, गुजरात, मलबार आणि सिल्हेट येथून हे लोक जहाजांवर जात. कोणी डेकवर, कोणी भट्टीपाशी, कोणी भटारखान्यात राबत. पाणतीर लागल्यावर सर्वांत खाली, यंत्रांपाशी असलेल्या माणसाला वर येण्यास सर्वांत कमी वेळ मिळे. अविभाजित भारताच्या नौदलातील व व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक मृत खलाशांची नोंद मुंबई आणि चितगाव येथील स्मारकांच्या नामावलीत आहे. हे सारेच अटलांटिकमध्ये गेले असे नाही, परंतु पटावरील प्रत्येक लाकडी ठोकळ्यामागे अशी माणसे होती, हे विसरून तो खेळ समजणार नाही.

आरंभीच रॉबर्ट्सने एक खरी लढाई पटावर पुन्हा मांडली. डिसेंबर १९४१ मध्ये जिब्राल्टरहून निघालेल्या एका ताफ्याचे रक्षण कप्तान वॉकर या नामांकित अधिकाऱ्याने केले होते आणि काही पाणबुड्या बुडवल्या होत्या. त्याने 'बटरकप' नावाचा डाव बसवला होता. जहाजाला पाणतीर लागला की संरक्षक नौकांनी ताफ्यापासून बाहेरच्या दिशेने भरवेगाने जायचे, प्रकाशगोळे उडवायचे आणि डेप्थ चार्ज टाकायचे. हल्लेखोर बाहेरच्या बाजूस असणार, हे त्यामागील गृहीत. रॉबर्ट्सला मात्र एक शंका आली. ताफ्याच्या आतील रांगांमधले जहाज बाहेरून नेम धरून कसे लागेल?

जॅनेट ओकेल आणि जीन लेडलॉ या दोन रेन तरुणींना घेऊन त्याने निरनिराळ्या शक्यता पटावर चालवून पाहिल्या. पाणबुडी पुढून आली तर? बाजूने आली तर? आकडे जुळेनात. शेवटी एकच मार्ग जुळला. पाणबुडी अंधारात पाण्यावरून, ताफ्याच्या मागच्या बाजूने येते. तिचा वेग ताफ्याहून दुपटीने अधिक असल्याने ती सहज आत शिरते. पहारेकऱ्यांचे डोळे पुढे आणि बाजूंना लागलेले असतात, मागून कोणी येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नसते. रांगांच्या मधोमध उभी राहून ती अगदी जवळून पाणतीर सोडते, मग बुडी मारून जवळजवळ स्थिर राहते. ताफा तिच्या डोक्यावरून पुढे निघून जातो आणि ती मागे सुटून पसार होते. संरक्षक नौका तेव्हा बाहेरच्या अंधारात तिला शोधत असतात.

चोर घरातच आणि शोध वेशीबाहेर, असा हा प्रकार होता. कारण एकदा कळल्यावर उपायही त्याच पटावर सापडला. ताफ्याने आपल्या वाटेने जात राहावे. संरक्षक नौकांनी बाहेर न धावता ताफ्याच्या पिछाडीस एकत्र यावे आणि पाणबुडी जेथे मागे सुटणार तेथील पाणी ॲस्डिकने विंचरून काढावे. पाणबुडी बुडालेली असल्याने ॲस्डिक तिला शोधू शकते आणि तिचा वेग घटलेला असल्याने ती लांब पळू शकत नाही. पाणबुडीची दोन्ही वैगुण्ये एकाच वेळी उपयोगात आणणारा हा डाव होता. लेडलॉने त्याला 'रास्पबेरी' हे नाव दिले. हे फळाचे नाव खरे, पण इंग्रजी बोलीत तोंडाने काढलेल्या चिडवण्याच्या आवाजालाही रास्पबेरी म्हणतात. हिटलरला वेडावून दाखवण्याची ही तऱ्हा होती. प्रमुख सेनाधिकारी ॲडमिरल पर्सी नोबल यांना जमिनीवरील या खेळाविषयी आधी फारसा विश्वास नव्हता. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांचे मत पालटले आणि तो डाव ताफ्यांच्या रक्षकांना शिकवला जाऊ लागला. पुढे आठवडाभराचे वर्ग नियमित सुरू झाले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या पडद्यांआड उभे राहून गेले. समुद्रावर अनेक वर्षे काढलेल्या अधिकाऱ्यांना वीस वर्षांच्या मुलीकडून 'येथे तुमची चूक झाली' असे ऐकून घ्यावे लागे. काहींना ते रुचले नसेल तर नवल नाही.

सर्वांत मनोरंजक प्रसंग ॲडमिरल मॅक्स हॉर्टन यांचा आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये नोबल यांच्या जागी ते आले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः पाणबुडीचे कप्तान होते, शत्रूची क्रूझर नौका त्यांनी बुडवली होती आणि नुकतेच ते ब्रिटिश पाणबुडी दलाचे प्रमुखही होते. पाणबुडीची कला त्यांच्याइतकी जाणणारा मनुष्य ब्रिटनमध्ये विरळाच. त्यांनी पटावर पाणबुडीची बाजू घेतली आणि संरक्षक नौकांची बाजू ओकेलने. हॉर्टन हरले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. असे पाच वेळा झाले. आपल्या चाली चोरून पाहिल्या जात असाव्यात असा त्यांना संशय आला, पण तसे काही नव्हते. ओकेलजवळ समुद्राचा अनुभव नव्हता. पाणबुडीला किती वेळात किती दूर जाता येईल, याचा हिशेब मात्र तिने शेकडो डावांतून पाठ केलेला होता.

खेळ प्रामाणिक असेल तरच त्यातून असे काही निघते. मे १९४२ मध्ये, मिडवेच्या मोहिमेपूर्वी, जपानी नौदलानेही 'यामातो' या युद्धनौकेवर पट मांडला होता. फाशांच्या हिशेबाने जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या, तेव्हा खेळाचे प्रमुख ॲडमिरल उगाकी यांनी वार लागल्याची संख्या कमी करवली आणि बुडालेली नौकाही पुढच्या भागात पुन्हा पटावर आली. पुढच्याच महिन्यात मिडवे येथे जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. पंचाने आपल्या बाजूस झुकते माप दिले की पट काहीच शिकवत नाही. लिव्हरपूलच्या पटावर पाणबुडीला तिचा प्रत्येक नॉट, प्रत्येक मिनिट चोख दिले जात होते. शत्रूला त्याचे पुरेपूर माप देणे हे मनाला जड जाणारे काम आहे. कदाचित म्हणूनच ते विरळा घडते.

समतोल एकदा साधला की कायम राहतो, असेही नाही. १९४३ च्या वसंतात सूक्ष्मलहरींचे रडार, दूर पल्ल्याची विमाने, विमानवाहू संरक्षक नौका आणि पाणबुडीच्या संदेशांची दिशा टिपणारी यंत्रे एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर समुद्रावर आली. रात्री पाण्यावरून येणारी पाणबुडी आता दिसू लागली, आणि तिचे अर्धे बळ तेथेच सरले. त्या मे महिन्यात जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या आणि ॲडमिरल डोनिट्झला उत्तर अटलांटिकमधून आपल्या टोळ्या मागे घ्याव्या लागल्या. लिव्हरपूलच्या डावांचाही या पालटात वाटा होता, परंतु सारे श्रेय त्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल.

जर्मनांनीही पटावर नवी सोंगटी आणली. सप्टेंबर १९४३ मध्ये नौकेच्या पंख्याचा आवाज ऐकून तिच्यामागे जाणारा पाणतीर त्यांनी वापरला. आजवर पाणबुडीचे लक्ष्य व्यापारी जहाज असे आणि संरक्षक नौका तिच्यावर सरळ धावून जाई. आता धावून येणारी नौकाच लक्ष्य ठरली. जितकी ती वेगात येई, तितका तिचा आवाज मोठा. वर्षभर शिकवलेली सवय एका रात्रीत प्राणघातक झाली. डर्बी हाऊसच्या वरच्या मजल्यावर पुन्हा चिठ्ठ्या फिरू लागल्या, पांढरे आणि हिरवे खडू हाती घेतले गेले. या वेळी निघालेल्या डावाला कोणत्याही फळाचे नाव मिळाले नाही. पाणबुडीचा माग लागताच तिच्यावर थेट न जाता आधी बाजूला वळायचे आणि मग वळसा घेऊन तिच्याकडे यायचे, असा तो डाव होता. त्याचे नाव होते 'स्टेप असाइड', म्हणजे 'बाजूला व्हा'.